मदत हवी आहे: लाँगस्वर्डचा (दोन हातांनी धरायची लांब तलवार) फ्लूग पवित्रा, पाय कुठला आणि टोक कुठे?

१५व्या शतकातल्या जर्मन लिख्टेनाउअर तलवारबाजी परंपरेचे चार पवित्रे (ऑक्स, फ्लूग, आल्बर, फोम टाग) घोटतोय. फ्लूगमध्ये कुणी डावा पाय पुढे सांगतं, कुणी उजवा. शिवाय डाव्या खांद्यावर वरून येणारा घाव फ्लूगमधून बाहेर ढकलला की अडतो खरा, पण समोरचा लगेच उजवीकडून मारतो. तिथे तलवार वेळेत पोचत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
पायाचा घोळ दोन काळ एकत्र केल्याने होतो. १५व्या शतकातल्या उजव्या फ्लूगमध्ये डावा पाय पुढे, पॉमेल (मुठीच्या टोकाचा गोळा) उजव्या कमरेशी, टोक समोरच्याच्या तोंडावर. नंतरचा तलवारगुरू योआखिम मायर (१५७०) उजवा पाय पुढे घेतो आणि मूठ त्या गुडघ्याजवळ आणतो. तुम्ही जुनी परंपरा शिकताय, तर डावाच ठेवा.

आता घाव. तो बाहेर ढकलू नका, कारण त्यासोबत तुमचंही टोक त्याच्या अंगावरून हटतं आणि त्याला दुसरा वार फुकट मिळतो. इथे आब्झेट्सन (अडवता अडवताच भोसकणं) हवं: मूठ वर, डोक्यासमोर न्या, पातं त्याच्या घावावर डावीकडे वळवा, त्याच दमात उजवं पाऊल आत टाका आणि तोंडावर किंवा छातीवर भोसका. हालचाल संपते तेव्हा तुम्ही डाव्या ऑक्समध्ये असता. म्हणजे ऑक्स हा नुसता उभं राहायचा पवित्रा नव्हे, वार अडवताना तुम्ही तिथेच पोचता.

मूळ प्रश्नकर्ता:
करून पाहिलं. आता त्याचं पातं घसरत माझ्या बोटांवर येतं!

प्रतिसाद १:
मग तुम्ही श्वेखेवर अडवताय. क्रॉसगार्डपासून (मुठीवरचा आडवा दांडा) पात्याच्या मध्यापर्यंत श्टेर्के, म्हणजे मजबूत भाग, तिथून टोकापर्यंत श्वेखे, म्हणजे कमजोर भाग. तुमच्या श्टेर्केवर त्याची श्वेखे यायला हवी. मूठ कानाशीच अडकली की नेमकं उलटं होतं. ती कपाळाच्या पुढे गेलीच पाहिजे. जोडीदाराला पाती भिडताच थांबायला सांगा आणि ती कुठे भिडली ते बघा.

प्रतिसाद २:
भर घालतो. तो जोर लावून तुमचं टोक बाजूला सारत असेल तर उलट रेटू नका. पातं सोडवून दुसऱ्या बाजूने मारा. आणि पवित्र्यात फार वेळ उभं राहू नका. प्रत्येकाला तोडणारा घाव ठरलेला आहे: ऑक्सला क्रुम्पहाउ, फ्लूगला शीलहाउ, वरच्या फोम टागला त्स्वेर्खहाउ, टोक जमिनीकडे ठेवणाऱ्या आल्बरला शायटलहाउ.

भोसकण्याचा सराव लाकडी तलवारीने अजिबात नको, ती वाकत नाही. लवचिक फेडर (सरावाची बोथट तलवार), मास्क, गळ्याला गॉर्जेट आणि जाड हातमोजे असतील तरच, तेही आधी संथ गतीने.