पावसाळ्यात बारा बोअरच्या बंदुकीला तेल कुठलं?

जांबोटीकर: नमस्कार मंडळी. वडिलांच्या लायसनवर पिकाच्या राखणीची दुनळी बंदूक आहे. जून लागला की आमच्याकडं भिंतींनासुद्धा बुरशी येते आणि नळ्यांवर तांबूस ठिपके उठतात. बाबा खोबरेल लावतात, दुकानदार म्हणतो डब्ल्यूडी-४० घ्या. मी ग्रीस आणलंय. कुठं काय लावू?

खडेबाजार: शिलाई मशीनचं तेल मारा की. स्वस्तात काम.

सुभेदारमामा (निवृत्त): आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का बघा. मग पुढचं.

खोबरेल आजच बंद करा. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, आणि जांबोटीची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. आतल्या यंत्रात थिजलं की घोडा जड पडतो, काडतुसाची टोपी फुटत नाही, समोर डुक्कर उभं.

डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला चांगलं. भिजून आलात तर मारा, पुसा, पण वर बंदुकीचं तेल हवंच; त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका. मशीनचं तेल चापाजवळ एक थेंब चालेल, नळीवर मात्र ते टिकत नाही.

ग्रीस लिथियमचं असेल तर बंदूक जिथं मोडून उघडते त्या खिळीवर मुगाएवढं, बस्स. तिथं पोलाद पोलादावर घासतं. यंत्रात ग्रीस भरणारे महाभाग मी पाहिलेत.

नळीत पुल्थ्रूनं (चिंदी नळीतून ओढायची दोरी) आधी कोरडी चिंदी, मग तेलाची. उडवायच्या आधी परत कोरडी. नळीत तेल ठेवून बार काढू नका. बंदूक तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडतं. आणि चामडी कव्हर असेल तर? ओल धरतं. पावसाळ्यात त्यात ठेवूच नका.

कणकुंबी_पाऊस: मामा, आमची ठासणीची आहे, तोंडातून दारू ठासून भरायची. लायसनवाली!

सुभेदारमामा (निवृत्त): काळ्या दारूचा क्षार तेलात विरघळत नाही. आधी गरम पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल. नुसतं तेल फासलंत तर खालून गंज चालूच.

जांबोटीकर: आणि निवडणुकीला बंदूक पोलिसांकडं जमा करायची झाली तर?

सुभेदारमामा (निवृत्त): तेव्हा नळीला आतबाहेर ग्रीसचा पातळ हात द्या, कारण तिथं कोण पुसत बसणार? परत आणल्यावर काडतूस घालायच्या आधी सगळं काढा. पावती बाबांच्या नावानं घ्या.