लातूरचं घर पाडव्याला विकायला काढायचंय, तयारी कुठून करू?

नमस्कार मंडळी,

लई दिवसांनी लिहितोय. आईला जाऊन वर्ष झालं आणि आम्ही तिन्ही भावंडांनी दिवाळीत फोनवर बसून ठरवलं की लातूरचं घर आता विकायचं. अण्णांनी १९८४ ला प्लॉट घेतला, ८६ ला बांधलं, खाली चार खोल्या, वर एक खोली आणि गच्ची, मागं बोअर, दारात कडुलिंब. मोठा भाऊ पुण्यात, बहीण अंबाजोगाईला, ती बिचारी महिन्यातनं एकदा जाऊन झाडलोट करून येते, बाकी घर बंदच.

मागच्या वसंतात आमचं इथलं अमेरिकेतलं घर विकलं तेव्हा एजंटनं सांगितलं ते सगळं केलं. बर्फ वितळल्या वितळल्या अंगण साफ केलं, भिंती पांढऱ्या केल्या, घरच्यांचे फोटो उतरवले, अर्धं सामान भाड्याच्या गोदामात टाकलं, खिडक्या धुतल्या, आणि दोन आठवड्यांत घर गेलं. म्हटलं लातूरलाही तसंच करू, रंगवाला बघितलाय, भेगा पुट्टीनं भरून घ्यायच्या, आईची जुनी कपाटं काढायची आणि पाडव्याला घर चकाचक करून दाखवायचं. पण बहीण म्हणायली, "दादा, लोक रंगाचं नाही विचारायलेत, आधी पाण्याचं विचारायलेत." इतक्या लांबून कुणी घर विकलंय का? आधी काय करावं, सांगा.

— मूळ लातूर, सध्या मिनियापोलिस

•

रे: लातूरचं घर

दादा, आई गेल्याचं आत्ता कळलं, वाईट वाटलं. लहानपणी सुट्टीत आम्ही तुमच्या त्या लिंबाखाली खेळलोय.

आमचं परभणीचं आजोबांचं घर विकलं तेव्हा आम्ही पण रंगापासनंच सुरुवात केली आणि वर्ष गेलं. गिऱ्हाईक आलं, पसंत पडलं, आणि मग त्याच्या वकिलानं कागद मागितले. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आमचे मूळ कागद उर्दूत, वाचणारे एक म्हातारे गृहस्थ शोधून काढले तर त्यात आजोबांचं नाव जरा वेगळंच लिहिलेलं निघालं. तोपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. तुमचा प्लॉट ८४ चा आहे म्हणजे तेवढं होणार नाही, पण तिथली जमीन आधी कुणाची तरी शेतीच असणार, तर एनएची (जमीन बिगरशेती केल्याची) ऑर्डर, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, अण्णांचं खरेदीखत हे ताईंकडं आहे का ते आत्ताच बघा. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँक हे सगळं मागते आणि वर ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे एवढ्या वर्षांत मालकी कुणाकडं होती, बोजा होता का ते तपासलेलं. मालमत्ता पत्रकावर अजून अण्णांचंच नाव असेल तर वारस नोंद आधी. लाईटचं मीटर, घरपट्टी, सगळीकडं तेच नाव असतं, एकदाच बसून करून घ्या.

तुम्ही येणार नसाल तर मुखत्यारपत्र लागेल. ते तिथं नोटरीपुढं करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घ्या नाहीतर भारतीय कॉन्सुलेटमध्ये करा, आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्याच्यावर मुद्रांक भरायचा असतो, आमचं पहिलं तसंच पडून वाया गेलं. पासपोर्टावरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच आहे का तेही बघा.

एक मनातलं लिहिते. ताईंकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचा विषय घरात निघाला असेल तर कृपा करून थांबा. तिघांचा हिस्सा सारखा आहे, तिघांच्या सह्यांनी विका आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या. आईच्या शेवटच्या दिवसांत जवळ तीच होती ना.

— परभणीची, सध्या टोरंटो

•

रे: रे: लातूरचं घर

अरे बाळा, रंगाची घाई करू नकोस.

मी ३१ वर्षं सरकारी बांधकामावर काढली, निम्मी लातूर-धाराशिवात, आता सहा महिने इथं लेकाकडं टेक्सासला असतो. घर चैत्रात दाखवायचं हे तुझं अगदी बरोबर आहे, पण त्याचं कारण अमेरिकेतल्यासारखं नाही. पाडवा आणि अक्षय्य तृतीया हे मुहूर्त आहेतच, पौषात कुणी घराचं बोलत नाही हेही आहे, पण खरी गोष्ट अशी की तोपर्यंत तूर आणि हरभरा विकून माणसाच्या हातात पैसा आलेला असतो, ऊस गेला असेल तर त्याचं बिल, आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपली की औशाचा, निलंग्याचा, अहमदपूरचा बाप लातूरला घर बघत फिरतो, पोरगं ट्यूशनला ठेवायचंय, बरोबर आई राहणार, जूनच्या आत बिऱ्हाड आणायचंय. हा तुझा गिऱ्हाईक. तो सोफा बघत नाही. तो आल्या आल्या मागच्या दारानं बोअरकडं जातो.

तू नव्हतास, मी होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वॅगन, पाच लाख लिटर, पुढं ५० वॅगनची गाडी सुरू झाली. स्टेशनाजवळच्या विहिरीत ते पाणी उतरायचं आणि लोक नुसते बघायला यायचे. घागरी घेऊन रात्र रात्र जागलेली माणसं आहेत ती. नळ अजूनही कित्येक दिवसांनी येतो. म्हणून आपल्याकडं घर विकायचं म्हणजे आधी पाणी विकायचं.

बहिणीला सांग, वायरमनला घेऊन जा आणि बोअर चालू कर. वर्षभर बंद असलेली मोटर जाम झालेली असू शकते, स्टार्टर गेलेला असू शकतो, ते आत्ता कळलेलं बरं. पहिलं पाणी गढूळ येईल, जाऊ दे. मग २०० लिटरचा ड्रम ठेवायचा आणि घड्याळ लावून बघायचं किती मिनिटांत भरतो, पण मोटर चालू केल्या केल्या नाही, अर्धा तास चालल्यावर, कारण सुरुवातीला साठलेलं पाणी येतं आणि माणूस फसतो. महिन्यातनं एकदा हेच, तारीख टाकून लिहून ठेवायचं. मार्गशीर्षात कुणाचंही बोअर पाणी देतं. चैत्रात जे देतं ते खरं. पाणी तपासून पण घ्या, क्षार, फ्लोराईड, नायट्रेट, आपल्या भागात काही ठिकाणी निघतं, निघालं तर लपवू नका.

आता भेगा. तू पुट्टी म्हणालास आणि माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात तेच पायाखाली होत असतं, त्याच्यामुळं खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग निघते, चैत्रात उघडते, श्रावणात मिटते. नुसत्या गिलाव्याची बारीक जाळी असेल तर काही नाही. पण तुझं घर ८६ चं, म्हणजे ३० सप्टेंबर ९३ च्या भूकंपात ते उभं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते आडवे झालेले. किल्लारी, सास्तूरला मातीतल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवद, भिंती फाकल्या आणि वरचा सगळा मातीचा भार अंगावर आला. मी तिथं तीन महिने होतो, त्याच्याबद्दल जास्त लिहवत नाही. तुझं घर विटा-सिमेंटचं आहे, लातूर शहरात तशी घरं उभी राहिली, पण घेणारा माणूस विचारणारच की ही भेग तेव्हाची का नंतरची. पुट्टी भरलीस तर तो विचारणार नाही, घेईल, आणि पुढच्या चैत्रात ती भेग उघडली की अण्णांच्या नावानं बोलेल. ते नको.

त्यापेक्षा हे कर. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूला प्लास्टरनं चिकटवायची, तारीख लिहायची. भेग हलली तर काच तडकते, नाही हलली तर तशीच राहते. आत्ता लावली तर चैत्रापर्यंत चार महिन्यांचा पुरावा मिळतो. आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर नेऊन त्याच्याकडनं लेखी घे. तो म्हणेल तिथं दुरुस्ती करायची, आणि सिमेंटचं काय असेल ते संक्रांतीच्या आत, कारण गिलाव्याला पाणी मारावं लागतं आणि एप्रिलमध्ये तिथं भिंतीवर पाणी मारणं मला तरी बघवणार नाही. गच्ची गळते का बघायला दोन दिवस पाणी साठवून ठेवतात, तेही आत्ताच, बोअरला आहे तोवर. मग गच्चीवर पांढरा चुना, खालच्या खोल्या बऱ्यापैकी गार राहतात. दाराच्या चौकटी बोटानं ठोकून बघायला सांग, वाळवी लागली असेल तर पोकळ वाजतं. रंग सगळ्यात शेवटी, आणि एकच हात.

लिंब तोडायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नकोस. चैत्रात तो फुलावर असतो, पाडव्याला गल्ली त्याच्याच डहाळ्या न्यायला येते. घर दाखवायचं ते सकाळी दहाच्या आत, नंतर ऊन कुणाला सोसत नाही.

— काका, प्लेनो

•

रे: रे: रे: लातूरचं घर

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त टॅक्सचं लिहितो कारण ह्याच्यात माझ्या भावाचे लई पैसे अडकले होते. तुम्ही एनआरआय आहात म्हणून तुमच्या हिश्श्यावर टीडीएस, म्हणजे घेणारा पैसे देतानाच कापून सरकारला भरतो तो कर, १ टक्का नाही. घेणाऱ्याला भांडवली नफ्याच्या दरानं कापावा लागतो, म्हणजे १२.५ टक्के आणि वर सरचार्ज-सेस, आणि साधारणपणे नफ्यावर नाही तर मिळणाऱ्या पूर्ण रकमेवर. गावाकडच्या माणसाला हे माहीत नसतं, तो १ टक्का कापतो आणि नंतर नोटीस त्यालाच येते. म्हणून सौदा ठरला की लगेच कमी टीडीएसच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज करा, त्याला काही आठवडे लागतात. भाऊ आणि ताईंना हे लागू नाही, फक्त तुम्हाला.

घर २००१ च्या आधीचं आहे तर १ एप्रिल २००१ ची किंमत खर्च म्हणून धरता येते, पण त्या तारखेच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त नाही. अमेरिकेतल्या टॅक्ससाठी मात्र वारशानं मिळालेल्या हिश्श्याची किंमत वारल्याच्या तारखेची धरतात, तर व्हॅल्युअरकडनं एकाच फेरीत २००१ ची आणि अण्णांच्या-आईच्या तारखांची अशा सगळ्या किमती लिहून घ्या. पैसे एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं), तिथनं पुढं न्यायला सीएचं सर्टिफिकेट लागतं.

— नांदेडकर, न्यू जर्सी

•

रे: रे: रे: रे: लातूरचं घर

मंडळी,

चार महिन्यांनी कळवतोय, माफ करा. काकांचा मेल मी भावाला आणि बहिणीला वाचून दाखवला, तिला दोनदा. हक्कसोडीचा विषय निघालाच होता, मोठ्या भावानं काढला होता आणि मी गप्प बसलो होतो. परभणीच्या ताईंचं वाचल्यावर मी त्याला फोन केला. तिघांच्याच सह्या होणार.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मी दहा दिवस जाऊन आलो, चुलत्यांच्या शेतात अंबील-भज्जी खाल्ली, कित्येक वर्षांनी, आणि तिथंच सगळे भेटले म्हणून वारस नोंदीचे जबाब एका दिवसात झाले. मोटर जाम होती, काढून दुरुस्त केली. इंजिनिअरनं तीन भेगा बघितल्या, दोन गिलाव्याच्या, स्वयंपाकघरातली तिसरी खालच्या काळ्या मातीमुळं पडलेली, तिथं काच लावली. एनएची ऑर्डर आईच्या कपाटात साड्यांच्या खाली सापडली, आमच्या तिघांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांबरोबर एकाच पिशवीत. ती कपाटं मी न बघता काढायला निघालो होतो.

घरातले फोटो काढले नाहीत. इथं उतरवले होते कारण घेणाऱ्याला ते स्वतःचं घर वाटलं पाहिजे म्हणतात. तिथं येणारा प्रत्येक माणूस आधी अण्णांच्या फोटोपुढं थांबतो आणि विचारतो, कुठल्या शाळेवर होते, आणि दोघं तर त्यांचे विद्यार्थीच निघाले. देवघर तेवढं बहिणीनं अंबाजोगाईला नेलं.

ड्रमचं बहिणीनं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून स्टार्टरच्या पेटीच्या आत चिकटवलंय. डिसेंबर ४ मिनिटं, जानेवारी ५, फेब्रुवारी ७, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी ११. मला ते ११ बघून धस्स झालं, तिला म्हटलं हा शेवटचा आकडा राहू दे. ती म्हणाली, काकांनी चैत्राचाच सांगितलाय.

पाडव्याला सकाळी निलंग्याकडचं एक कुटुंब आलं, मुलगी दहावीची. माणसानं पेटी उघडली, कागद वाचला, आणि दुपारी परत येऊ का म्हणून विचारलं. दोन वाजता उन्हात एकटा आला, अर्धा तास मोटर चालवली, स्वतःच्या मोबाईलवर वेळ लावली. साडेअकरा मिनिटं. मग आत येऊन काचेची पट्टी बघितली, नखानं खरवडली, तशीच आहे. घर आवडलंय म्हणाला. बायको आईच्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीपाशी उभी होती सकाळी, ती कोठी तेवढी ठेवाल का म्हणून आता विचारायलेत. बहीण ठेवा म्हणाली.

किंमत अजून ठरली नाही, रविवारी त्याचा मोठा भाऊ येणार आहे. नांदेडकर, टीडीएसचं मी त्याला फोनवर समजावलं, पण त्याला वाटतंय मी काहीतरी जास्तीचं मागायलोय. तुम्ही शनिवारी त्याच्याशी पाच मिनिटं बोलाल का? लातूरच्या सकाळी नऊला, म्हणजे तुमच्याकडं शुक्रवारी रात्र असेल.

— मिनियापोलिस