यारुझेल्स्की आणि आक्रमण टळल्याचा दावा

वर एका प्रतिसादात म्हटलंय, पोलंडचे तेव्हाचे कम्युनिस्ट नेते जनरल यारुझेल्स्कींनी १३ डिसेंबर १९८१ला लष्करी कायदा लावला म्हणून पोलंडवरचं सोव्हिएत आक्रमण टळलं. ते स्वतःही शेवटपर्यंत हेच सांगत राहिले. मला हे पटत नाही. सोव्हिएत पॉलिटब्युरोच्या (पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या) १० डिसेंबरच्या बैठकीचं इतिवृत्त आज उपलब्ध आहे. त्यात केजीबीप्रमुख आंद्रोपोव्ह स्वच्छ सांगतात, पोलंड सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेच्या हाती गेला तरी आपण सैन्य पाठवायचं नाही. यारुझेल्स्कींना यातलं किती ठाऊक होतं यावर वाद आहे, आणि मॉस्कोचा दबाव होता हेही खरं. पण १६ डिसेंबरला वुयेक कोळसाखाणीत गोळीबारात ९ कामगार मेले, त्याचं खापर मॉस्कोवर कसं फोडणार? १९७०मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाही संरक्षणमंत्री यारुझेल्स्कीच होते.

याच माणसाला १९४१मध्ये सोव्हिएत सत्तेने कुटुंबासह सायबेरियात हद्दपार केलं होतं. वडील तिथेच वारले. बर्फाच्या चकाकीने डोळे बिघडले, काळा चष्मा त्यामुळेच. (कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेले पोलिश निर्वासितही बहुतांशी अशाच हद्दपारीतून सुटलेले.) त्याच सत्तेची इतकी वर्षं निष्ठेने चाकरी कशी केली, हे मला आजही उलगडत नाही.

१९८९चं श्रेय मात्र द्यायलाच हवं. सॉलिडॅरिटीबरोबरच्या गोलमेज चर्चेला असलेला कम्युनिस्ट पक्षातल्या कडव्यांचा विरोध त्यांनी मोडून काढला, आणि जूनच्या निवडणुकीत पक्ष सपाटून हरला तरी रणगाडे बाहेर काढले नाहीत.