सूडावरचा जुना नॉयर (गुन्हेगारीवरचा काळोखा सिनेमा) सुचवा, नेहमीची नावं नकोत

पेठेतला निशाचर: रविवारी आमच्या सदाशिव पेठेतल्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. या खेपेला निवड माझ्याकडे. कृष्णधवल, सूडकथा, दीड तासाच्या आत. खालचे आजोबा दहानंतर ओरडतात. हिचकॉक सगळ्यांचा पाहून झालाय.

कोथरूडची काकू: डोळे मिटून ‘ॲक्ट ऑफ व्हायोलन्स’ लाव. फ्रेड झिनमनचा, तोच, ज्याने १९५२ साली ‘हाय नून’ केला. ८२ मिनिटांत आटोपतो. सुरुवातीलाच रॉबर्ट रायन लंगडत खोलीवर येतो, खणातून पिस्तूल काढतो आणि सरळ बस पकडतो. तो ज्याच्या मागावर आहे तो व्हॅन हेफ्लिन म्हणजे गावातला मानाचा माणूस. तरुण बायको, लहान मूल. एका रात्री हेफ्लिन घरातले दिवे मालवतो, नवरा-बायको अंधारात बसतात आणि बाहेर घराभोवती पाय ओढत चालल्याचा आवाज येत राहतो. आवाज मोठा ठेव, आजोबांना मी बघते.

पेठेतला निशाचर: म्हणजे रायन खलनायक?

कोथरूडची काकू: तिथंच तर मेख आहे. दोघं नाझींच्या छावणीत युद्धकैदी होते. साथीदारांचा पळून जायचा बेत हेफ्लिननेच अधिकाऱ्यांना सांगितला होता...

लकडीपूल: अहो काकू, अर्धी गोष्ट फोडलीत की! बायको जॅनेट ली आहे, ‘सायको’च्या बऱ्याच आधीची. पण भाव खाऊन जाते मेरी ॲस्टर. बारमधली थकलेली बाई, मोजकेच प्रसंग, तरी तिच्यापुढे बाकीचे फिके वाटतात. शेवट मात्र मला जरा घाईत उरकल्यासारखा वाटला.

कोथरूडची काकू: शेवटावर रविवारनंतर भांडू.