स्लीव्ह सर्जरीनंतर घरच्या जेवणाशी पुन्हा जमवून घेताना – सल्ला हवा

सातारकरीण

नमस्कार मंडळी,

वजन आणि मधुमेह दोन्हीपायी डॉक्टरांच्या सल्ल्याने गणपतीच्या जरा आधी माझं स्लीव्हचं ऑपरेशन (जठराचा बराचसा भाग काढून उरलेलं नळीसारखं अरुंद करतात ते) झालं. पाण्याचे, पातळ पदार्थांचे, मिक्सरमधून काढलेल्या जेवणाचे असे सगळे टप्पे नीट पार पडले. साखर आटोक्यात आलीय, गुडघे हलके झालेत, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. आता 'हळूहळू नेहमीचं जेवण सुरू करा' असं सांगितलंय आणि नेमकी तिथेच गाडी अडलीय.

हातात जो आहाराचा कागद दिलाय त्यात ब्रोकोलीचं सूप, ग्रिल्ड चिकन, ग्रीक योगर्ट आहे. आमचं घर शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. स्वयंपाक सासूबाई करतात आणि माझ्यासाठी फार मायेने करतात. पण पोळीचा दुसरा-तिसरा घास गेला की छातीत दाटून येतं, तोंडाला पाणी सुटतं, कधी उलटून पडतं. मऊ भातानेही तेच. रोज ६० ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जायला हवं म्हणतात, आणि पावडरचा वास आता नकोसा झालाय. केस मुठीमुठीने गळायला लागलेत.

शिवाय तुळशीची लग्नं उरकलीत, आता नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. पंगतीत काय करू, कोणाकोणाला काय सांगू? ज्यांचं किंवा ज्यांच्या घरात कोणाचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा.

रानजाई

सातारकरीणताई, माझं बायपास, हृदयाचं नव्हे, जठराचं (जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते), काही वर्षं झाली. मी कोल्हापूरची, म्हणजे पोळीभात सोडणं काय असतं ते मला माहीत आहे.

आधी पोळीचं. ताजी मऊ पोळी चावली की तिचा चिकट गोळा होतो, आणि आता जठराची नुसती अरुंद नळी राहिलीय, तिच्यातून तो उतरत नाही. मऊ भाताचंही तसंच. सध्या दोन्ही बाजूला ठेवा, ते कायमचं जात नाही. मला त्या काळात मुगाचं धिरडं सोसलं. सालीची मूगडाळ भिजवून वाटायची, आलं-जिरं घालायचं, पातळ घालून कडा जरा खरपूस होऊ द्यायच्या. पुढे पोळी सुरू केली तेव्हा तव्यावर पुन्हा कडक करून, चतकोरच.

ताटातला क्रम बदला. आधी पनीर, अंडं, घट्ट डाळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर धान्य. पातळ वरणाने पोट भरतं पण प्रोटीन जेमतेम मिळतं, म्हणून सासूबाईंना डाळ पळीवाढी नव्हे, पिठल्यासारखी घट्ट करायला सांगा. पिठलंही उत्तम, फक्त तेल बेताचं. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रोटीन असतं, दोन अंड्यांत १२, ग्लासभर दुधात सहा-सात. हे एका बैठकीत होणार नाही, दिवसभरात पाच-सहा वेळा विभागून खा.

चक्का विसरू नका. रात्री दही स्वच्छ फडक्यात टांगून ठेवायचं, सकाळी मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडा पुदिना घालून वाटीत काढायचा. कागदावरच्या ग्रीक योगर्टची जागा तो घेतो. आणि पावडर गोड वासाची असेल तर बिनवासाची व्हे (दुधाच्या निवळीपासूनची प्रोटीन पावडर) आणा, ती कोमट कढणात किंवा ताकात मिसळा. उकळत्यात टाकलीत तर गुठळ्या होतील.

घास शेंगदाण्याएवढा. चावून पार लगदा होईपर्यंत गिळू नका आणि दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटपा. ताट गार होईपर्यंत रेंगाळत बसलं की नकळत जास्त खाल्लं जातं. उचकी, नाकाला पाणी, छातीत दाब यातलं काहीही जाणवलं की तिथेच थांबायचं, वाटीत एक चमचा उरला असला तरी. तो चमचा संपवायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, ती मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जेवताना पाणी नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबून मग घोट घोट. आमच्याकडे पानावर तांब्या-भांडं ठेवायची पद्धत आहे, माझ्यापुरतं ते आता ओट्यावर असतं.

आता मनापासून सांगायची गोष्ट. पनीर अडकतं, पण चहात बुडवलेलं बिस्किट सुरळीत उतरतं. शेव, फरसाण, चिवडा, आइस्क्रीम यांचंही तसंच, पोट भरल्याचं कळतही नाही. म्हणून माणूस नकळत जे सोपं उतरतं त्याकडे वळतो. सध्या तुम्हाला भूक कमी लागत असेल, पण वर्ष-दीड वर्षात ती परत येते. तोवर संध्याकाळच्या चहाबरोबर काय खायचं हे ठरलेलं नसेल तर गेलेलं वजन परतू लागतं. आमच्या गटात ज्यांचं वजन परत वाढलं त्यांच्यातल्या बहुतेकांचं जेवण नीटच होतं, वाढलं ते या मधल्या खाण्याने. तुम्ही आत्ताच ठरवून टाका. मी मूठभर भाजलेले चणे नाहीतर उकडलेलं अंडं घेते.

निनाद७७

माझ्या पत्नीचं बायपास झालंय, म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहितो. एका बारशाला तिने आग्रहाखातर दोन-तीन चमचे बासुंदी घेतली. अर्ध्या तासात छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा. तिला यजमानांच्याच खोलीत आडवं व्हावं लागलं. याला डंपिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरल्यामुळे होतं. स्लीव्हमध्ये कमी होतं पण होऊ शकतं, तेव्हा लग्नात जिलेबी-मठ्ठ्यापासून जपून.

आग्रहाचं म्हणाल तर खरं काम नवऱ्याचं आहे. तुमच्या यजमानांना शेजारी बसू द्या आणि वाढप्याला त्यांनीच हात आडवा करावा. 'पोटाचं ऑपरेशन झालंय, पथ्य आहे' एवढं पुरतं, वजनाचा विषय काढायची गरज नाही. घरून थोडं खाऊन निघा. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे बरोबर न्या. माझ्या आईला मी महिनाभर समजावत होतो, ते तिला डॉक्टरांकडून दहा मिनिटांत पटलं.

आहारवेल

मी आहारतज्ज्ञ आहे, थोडं औषधपाण्याचं लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण मानावं.

केसगळती सहसा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. भराभर वजन उतरल्याचा आणि शस्त्रक्रियेचा तो परिणाम असतो, मुळं जिवंत असतात, केस परत येतात. प्रोटीन आणि लोह पुरेसं आहे ना ते बघा. बायोटिनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे त्याने चुकीचे येऊ शकतात.

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लोह हे आता आयुष्यभराचं आहे, बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

एक गोष्ट ठळक सांगते. अधूनमधून घास अडकून उलटणं वेगळं, आणि रोज, पाणीही न ठरता उलट्या होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि नसांवर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली तरीही, कारण वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात.

डोकेदुखी-पाठदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक सारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, अल्सरचा धोका असतो. बायपासवाल्यांनी तर विशेष जपावं. मूल हवं असेल तर किमान बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात.

खाडीकाठ

धागाकर्त्या शाकाहारी आहेत, पण इतर वाचकांसाठी: मालवणात माझ्या भावाला ऑपरेशननंतर ओल्या बोंबलांनी तारलं. पातळ कालवणातला बोंबील इतका मऊ असतो की जवळजवळ चावावाच लागत नाही. मग पापलेट, सुरमई. तिसऱ्या (शिंपले), माकूल (स्क्विड), सुकं मटण मात्र खूप नंतर, ते रबरासारखं अडकतं. तळलेलं नको.

सातारकरीण

सगळ्यांचे खूप आभार. रानजाईताई, संध्याकाळच्या बिस्किटाचं वाचून दचकलेच, ते सुरू झालंच होतं. आज दही टांगलंय. सासूबाईंनी हा धागा माझ्याकडून वाचून घेतला, आता त्यांचाच प्रश्न आहे: दर संकष्टीला आम्हा दोघींचा उपवास असतो. तो करायचा का? आणि आमटीतलं तिखट कितपत चालेल?

रानजाई

सासूबाईंना नमस्कार सांगा! दिवसभर काही न खाता राहायचा उपवास निदान पहिलं वर्ष नको, औषधं आणि प्रोटीन दोन्ही चुकतं. नेम मोडायचा नसेल तर दूध, चक्का, पनीर, थोडं राजगिऱ्याचं घावन यावर करा. साबुदाणा निव्वळ पिष्ट, वर चिकट, तो तुम्हाला पोळीपेक्षा वाईट अडकेल. चंद्रोदयाला एकदम पानावर बसू नका, दुपारपासून थोडं थोडं घेत राहा.

तिखटाचं म्हणाल तर डाळ शिजली की तुमची वाटी आधी काढून घ्या आणि फोडणी उरलेल्या डाळीला द्या. आठवड्याने तुमच्या वाटीत चिमूटभर मसाला घालून बघा. जळजळ झाली तर आणखी महिनाभर थांबायचं.