नागावला लॉन उन्हाळ्यात पिवळं पडतं, पावसात लव्हाळा माजतो. काय करावं?

वीकेंडमाळी:
अलिबागजवळ नागावला घर आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. पुढे दीडेक गुंठा मेक्सिकन लॉन लावून घेतलंय, खाली बिल्डरनेच लाल मातीचा भराव टाकून रोलर फिरवला होता. दिवाळीत झकास दिसतं पण मार्च संपला की टोकं पिवळी पडायला लागतात आणि मेमधे नुसतं वाळकं गवत, विहिरीचं पाणी रोज दोनदा देतोय तरी. माळी म्हणतो युरिया कमी पडतोय. पावसात उलटंच, मधोमध पाणी साचतं आणि लव्हाळा इतका माजतो की लॉन शोधावं लागतं. पश्चिमेकडच्या कुंपणाला क्रोटन आणि एक्झोरा आहेत, त्यांची पानं समुद्राच्या बाजूने करपतात. सगळं काढून पेव्हर ब्लॉक टाकू का?

चौलची_वाडी:
युरिया आधी थांबवा. विहिरीचं पाणी मचूळ लागतंय का बघा. उन्हाळ्यात आजूबाजूचे सगळे पंप चालू झाले की गोडं पाणी संपत जातं आणि खालून खारं वर येतं, आपल्याकडे हे जुनंच दुखणं आहे. कुणाकडे आरओ फिल्टरवाल्यांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर मोजून सांगा.

वीकेंडमाळी:
मोजलं, 2300 दाखवतंय!! प्यायला टँकर मागवतो त्यामुळे कधी लक्षच गेलं नाही.

चौलची_वाडी:
मग झालं की. 2000 च्या वर बहुतेक झाडांना त्रासच होतो, मेक्सिकन आहे म्हणून तग धरलाय, कार्पेट ग्रास असतं तर केव्हाच गेलं असतं. त्यात तुम्ही रोज थोडं थोडं पाणी देताय, ते उडून जातं आणि मीठ वरच्या बोटभर मातीत राहतं. दोन-तीन दिवसांआड द्या पण पहाटे आणि भरपूर द्या म्हणजे मीठ मुळांच्या खाली जाईल. अर्थात तो रोलर मारलेला भराव पाणी खाली जाऊ देईल तर! खाली आपली पुळण म्हणजे वाळू आहे, तिच्यात पाणी कधीच साचत नाही, साचतंय ते भरावावर. पाऊस सुरू व्हायच्या आधी पहारेने वीतभर अंतरावर भराव संपेपर्यंत भोकं पाडा, त्यात धुतलेली रेती भरा, समुद्राची नको. पावसाळ्यात मीठ आपोआप धुवून निघतं. खारवट माती सुधारायला म्हणून जिप्सम विकायला कोणी आलाच तर आधी माती तपासून घ्या, उगाच पोती उतरवू नका.

हरळीप्रेमी:
लव्हाळा उपटू नका, वरचा शेंडा हातात येतो आणि गाठ खाली राहते, मग एकाचे चार होतात. थोडा असेल तर खुरप्याने गाठीसकट काढा. फारच असेल तर हॅलोसल्फ्युरॉन नावाचं तणनाशक येतं, उसातल्या लव्हाळ्यावर मारतात तेच, पण लेबल वाचून, आणि पावसाची उघडीप बघून मारा.
अजून एक, गणपतीनंतर लॉनचे चट्टे पिवळे पडले तर हाताने ओढून बघा. चटईसारखं उचललं गेलं तर हुमणी (मातीतली पांढरी अळी) आहे, मुळं खाल्लेली असतात. तिथे मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) ओल असताना द्यायचं.

रेवदंडा_आजी:
बाळा, क्रोटन खाऱ्या वाऱ्याला कसा टिकेल? तिथे बोगनवेल लाव नाहीतर कण्हेर, पण कण्हेर विषारी असते, घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर नको. जागा असेल तर कडेला उंडी लाव, हळू वाढते पण समुद्राकाठचंच झाड ते. सगळे सुरूचं झाड लावायला सांगतील, ते भराभर वाढतं खरं, पण 2020 च्या निसर्ग वादळात किती सुरू आडवे झाले ते आम्ही बघितलंय. घराच्या अंगावर पडेल असं लावू नकोस.

वीकेंडमाळी:
आजी, मुलं आहेत त्यामुळे बोगनवेलच. आणि पेव्हरचं काय?

चौलची_वाडी:
गाडीपुरते टाका. सगळं अंगण फरसबंद केलंत तर पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या वाडीत जाणार आणि भांडण होणार. त्यापेक्षा छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय करा, पुढच्या मेमधे टीडीएस परत मोजा आणि इथेच टाका, मलाही बघायचंय किती फरक पडतो.