कॅप फेऱ्यांचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा) फॉर्म मुलानेच भरायचा, तर कोतवाल बुकाचा उतारा कोण काढणार?

निफाडकर: ‘मूल अठराचं झालं, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं सगळं त्याचं त्याला करू द्या, पालकांनी लुडबुड थांबवावी’ ही पोस्ट कालपासून नाशिकच्या पालक ग्रुपांवर फिरते आहे. पुढे ढकलणाऱ्यांनी कागदांची यादी वाचली आहे का? जात पडताळणीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, व्हीजेएनटीसाठी (विमुक्त-भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, एससीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, तो नसेल तर तहसीलमधून कोतवाल बुकाचा (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा) उतारा. एका कागदावर ‘पाटील’ आणि दुसऱ्यावर मूळ आडनाव निघालं की वंशावळ, प्रतिज्ञापत्र. सीईटीच्या तयारीतल्या पोराने यासाठी तालुक्याला खेटे घालायचे? बारावी सुरू होण्याआधीच प्रस्ताव कॉलेजमार्फत नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात गेलेला बरा. फॉर्म भरताना पावती चालते, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही की राखीव जागा हातची जाते. नॉन-क्रिमीलेअरचंही तसंच. ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. गेल्या वर्षीचं घरात आहे म्हणून निवांत बसणारे इथेच अडकतात.

गंगापूर रोड: दादा, कागद पालकांचेच, त्यावर वादच नाही. माझा राग ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या यादीवर आहे. तीनशे पर्याय भरता येतात आणि घरोघरी ती यादी बाप ठरवतो. ‘हे नक्की मिळेल’ म्हणून घराजवळचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकतो. २०२५च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही लागला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे तीच कायम, आणि मूल पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. जास्त पर्सेंटाइल असूनही पोरगं नको त्या शाखेत चार वर्षं काढतं. क्रम आवडीनेच लावायचा. सुरक्षित कॉलेजं खाली असली तरी वरचं न मिळाल्यावर ती मिळतातच.

सिडको_पालक: यादीच्या आधीच घोळ झालेला असतो. बारावीला लातूरला पाठवलेल्या मुलांचं होम युनिव्हर्सिटी (मूल ज्या विद्यापीठाच्या भागातलं धरतात ते) बारावी जिथून झाली त्यावर ठरतं. मुलगा नाशिकचा असला तरी पुणे विद्यापीठाच्या सत्तर टक्के होम जागांतून बाहेर पडून नांदेडच्या विद्यापीठात मोजला जातो. कटऑफच्या पीडीएफमध्ये जागेच्या प्रकाराच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बहुतेक जण एचचा आकडा वाचून खूश होतात आणि मुलाला लागतो ओचा.

गंगापूर रोड: स्वायत्त कॉलेजांना होम कोटाच नाही, सगळ्या जागा राज्यस्तरावर भरतात. स्वायत्त कॉलेजं वाढत चालली आहेत. उगाच घाबरवू नका.

सिडको_पालक: घाबरवत नाही, नियम सांगतोय! स्वायत्त नसलेली कॉलेजं संपली का? आणि ‘मग नाशिकमध्ये नावापुरती अकरावी घ्या, शिकायला लातूरला जा’ हा सल्ला इथलेच लोक देतात. प्रॅक्टिकलची बोंब, हजेरी खोटी, बारावीला पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला लागणारे ४५ टक्केही निसटले की सीईटीचं पर्सेंटाइल वाया. हा मुलांशी सरळ अन्याय आहे.

निफाडकर: अशा डमी (नावापुरत्या) प्रवेशाची बाजू इथे कुणी घेतलीच नाही. ज्यांनी सल्ला दिला त्यांच्याशी भांडा.

सातपूर_ताई: मुलींच्या पालकांनी एक लिहून ठेवा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना २०२४पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून असेल तरच. ‘मॅनेजमेंटची सीट आत्ताच पक्की करा’ म्हणणाऱ्या एजंटकडे पैसे भरले की ती माफी गेली. होम कोट्यावरून भांडताय, हे कोण सांगणार?

निफाडकर: बरोबर आहे ताई. आणि गंगापूर रोडवाल्यांचं इतकंच मान्य करतो की क्रम मुलाने लावावा. मात्र लॉगिनला मोबाइल नंबर मुलाचा किंवा घरचा द्या, सायबरवाल्याचा नको. ओटीपी त्याच्याकडे गेला की शेवटच्या संध्याकाळी दुकान बंद असतं, यादी कन्फर्म होत नाही, आणि कन्फर्म न केलेला फॉर्म फेरीत धरतच नाहीत. जागा मिळाल्यावर हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स भरून थांबू नका. मूळ कागद घेऊन कॉलेजात रिपोर्टिंग मुदतीतच करा.

गंगापूर रोड: नंबर मुलाचाच. घरचा नको.